बुबुळ बदलल्यावर डोळ्यात बुरशी का होते?

ज्वारीची काढणी असो की ऊसतोड, अणदूरच्या शिवारात डोळ्यात कुसळ जाणं किंवा उसाचं पान घासणं हे नेहमीचंच. बहुतेक वेळा त्रास तेवढ्यावरच थांबतो. पण जखमेत बुरशी शिरली, तर बुबुळ चिघळतं आणि भरून आल्यावर पांढरा डाग राहतो. यालाच ‘फूल पडणं’ म्हणतात. मग नजर परत मिळवायला नेत्रदानातून आलेलं बुबुळ, म्हणजे डोळ्यासमोरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), बसवावं लागतं.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे बुरशीपासून सुटका झाली, असं मात्र नाही. जुनी बुरशी कडेला उरली असेल तर ती नव्या बुबुळात पसरते. क्वचित ती दात्याच्या बुबुळासोबतच येते. बुबुळ ज्या द्रावणात थंड ठेवतात, त्यात जिवाणूंवरचं प्रतिजैविक असतं. बुरशीवरचं औषध सहसा नसतं. आणि टाके! ते अनेक महिने डोळ्यात राहतात. एखादा सैल झाला की त्यावर घाण साचते. मज्जातंतू कापले गेल्याने नव्या बुबुळाला संवेदना कमी असते, त्यामुळे कचरा गेलेला पटकन कळतही नाही.

खरी अडचण थेंबांची आहे. शरीराने नवं बुबुळ नाकारू नये म्हणून स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालावे लागतात. हेच थेंब डोळ्याची प्रतिकारशक्ती दाबतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. त्यातून शरीराने बुबुळ नाकारलं काय किंवा बुरशी झाली काय, डोळा लालच होतो आणि धूसरच दिसतं. पहिल्यात स्टेरॉइड वाढवतात, दुसऱ्यात ते वाढवलं तर डोळा हातचा जाऊ शकतो. म्हणून मेडिकलमधून जुनीच बाटली पुन्हा आणणं घातक. स्वतःहून थेंब बंद करणंही तितकंच चुकीचं.

निदानासाठी बुबुळ हलकेच खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उपचारात नॅटामायसिनचे थेंब मुख्य. प्रत्यारोपण न झालेल्या डोळ्यांतल्या बुरशीवर दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात (२०१३) ते व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, विशेषतः शेतमातीत आढळणाऱ्या फ्युजेरियम बुरशीवर. उपचार आठवडेच्या आठवडे चालतो. औषधाने भागलं नाही तर पुन्हा बुबुळ बदलावं लागतं.

लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं: यातलं एक जरी दिसलं, तरी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावं, मग काढणी कितीही जोरात असो.