दोन वाटा, एक निरोप

मुंबईहून माणगावला यायच्या दोन वाटा आपल्या ओळखीच्या आहेत. एक एस.टी.ची, आणि दुसरी आगगाडीची. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि माणगाव रुळांवर आले. आता समजा, उत्तरपत्रिकांचे वीस गठ्ठे माणगावला पाठवायचे आहेत आणि तिथे ते क्रमानेच उघडायचे आहेत. कोणता गठ्ठा गाडीने द्यावा, कोणता एस.टी.ने? संगणकांच्या जाळ्यात हाच प्रश्न सेकंदाला हजारो वेळा सोडवावा लागतो.

निरोपाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वाटांनी धाडावेत, ही कल्पना पॉल बॅरन यांनी १९६४ साली सविस्तर मांडली. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव दिले इंग्लंडच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी. पण वाटा अनेक असल्या की वाटणी कशी करायची? आळीपाळीने, हे आपले पहिले उत्तर. ते फसते. लागोपाठ एक मोठे, एक छोटे अशी पॅकेटे आली तर सगळी मोठी एकाच वाटेवर जातात. ती तुंबते आणि दुसरी मोकळी राहते.

याचे एक सुरेख उत्तर १९९६ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आले. ते देणारे तिघे होते हरी आदिशेषू, गुरू परुळकर आणि जॉर्ज वर्गीस. वर्गीस हे आय.आय.टी. मुंबईचे विद्यार्थी, परुळकर हे आडनाव कोकणाला सांगायला नको. वर्गीस यांनी एम. श्रीधर यांच्यासह आदल्याच वर्षी उलट प्रश्न सोडवला होता : तार एक आणि रांगा अनेक, तर प्रत्येक रांगेला न्याय कसा मिळेल? या तिघांनी दाखवले की असा न्याय देणारी पद्धत उलटी चालवली, की एकच रांग अनेक तारांवर सारखी वाटता येते.

पद्धत वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी आहे. प्रत्येक वाटेला फेरीमागे, समजा, ५०० बाइटांचा वाटा. शिल्लक असेतो पॅकेट घालायचे. २०० गेले, उरले ३००. पुढचे ४०० चे असले तरी त्याच वाटेने जाऊ द्यायचे. झाली १०० ची उधारी. आता पाळी दुसऱ्या वाटेची. पुढच्या फेरीत पहिलीला ४०० च मिळणार.

खरी गंमत पलीकडच्या टोकाला आहे. घेणाराही तीच वही लिहितो. पॅकेटची लांबी त्याला दिसतेच, त्यामुळे पुढचे पॅकेट कोणत्या वाटेने येणार हे त्याला ठाऊक असते. पॅकेटवर क्रमांक घालायची गरजच उरत नाही! एखादे हरवले तर वह्या जुळेनाशा होतात. म्हणून अधूनमधून खुणेचे पॅकेट पाठवून त्या पुन्हा जुळवतात. दोन विद्यार्थी, दोन वह्या आणि वेगवेगळ्या आकड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

बिनतारी जगात मात्र एवढ्याने भागत नाही. तारेची क्षमता सहसा ठरलेली असते. मोबाईलची किंवा वाय-फायची क्षणाक्षणाला बदलते. २०१३ साली एकाच जोडणीत अनेक वाटा वापरण्याचे नियम प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्यांत क्रमांक परत आले, तेही दोन : एक वाटेपुरता, एक संपूर्ण निरोपाचा. वाटणीचा रूढ नियम असा की, ज्या वाटेची जा-ये लवकर होते तिला आधी द्यायचे. ती भरली की दुसरीला. पण जलद वाट २० मिलिसेकंदांची आणि मंद २०० ची असेल, तर मंद वाटेवरच्या एका पॅकेटसाठी मागून आलेली सगळी ताटकळतात. त्यामुळे २०१७ साली एक गट या निष्कर्षाला आला की, कधीकधी मंद वाट मोकळी असूनही जलद वाटेची वाट पाहावी. आम्हाला हे फार पटते. रिकामी गाडी दिसली म्हणून चढणारा नेहमी आधी पोचतोच असे नाही.

या साऱ्या गणितात एक गृहीत आहे : वाटा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि रायगडात विजेचे खांब मोठ्या संख्येने पडले. कंपन्या वेगळ्या, मनोरे वेगळे. पण त्यांना लागणारी वीज एकाच जाळ्यातून येणारी. वीज गेली, बॅटऱ्या उतरल्या आणि अनेक गावांचे फोन मुके झाले. अशा वेळी पॅकेट कोणत्या वाटेला द्यावे, हा प्रश्नच उरत नाही.