स्कूटरवरून विकलेली ध्वनिफीत : ‘गोअन क्रेझी’ (१९८४) आणि कॅसेटयुगातील एक दुर्लक्षित नोंद

मराठी व कोकणी प्रदेशांच्या संगीताचा इतिहास प्रामुख्याने घराणी, नाट्यसंगीत, शाहिरी, भावगीत आणि चित्रपटगीत या दालनांतून लिहिला गेला आहे. ते स्वाभाविकही आहे. मात्र यांपैकी कोणत्याच दालनात न बसणाऱ्या निर्मितीची दखल मग सहसा घेतली जात नाही. रेमो फर्नांडिस यांचा ‘गोअन क्रेझी’ हा १९८४ मधील पहिला अल्बम हे अशा निर्मितीचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्याच्या सांगीतिक गुणवत्तेपेक्षा निर्मितीपद्धतीचा विचार करावयाचा आहे. कारण त्याचे ऐतिहासिक महत्त्व तेथेच आहे, असे लेखकाचे मत आहे.

रेमो यांचा जन्म १९५३ चा. बार्देश तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. वास्तुशास्त्राचे शिक्षण मुंबईत झाले. स्वतः रचलेली इंग्रजी गाणी गाणाऱ्या भारतीय कलावंतासाठी त्या काळी मुंबईतील ध्वनिमुद्रण कंपन्यांची दारे जवळजवळ बंदच होती. अशा संगीताला गिऱ्हाईक नाही, हा तेथील रूढ समज. तेव्हा रेमो यांनी शिवोलीच्या घरातच चार-ट्रॅक यंत्रावर ध्वनिमुद्रण केले. सर्व वाद्ये स्वतः वाजविली, सर्व आवाज स्वतः दिले, वेष्टनाचे चित्र स्वतः काढले आणि तयार झालेल्या कॅसेट पिवळ्या स्कूटरवर घालून गोव्यातील दुकानादुकानांत स्वतःच पोहोचविल्या.

या यंत्राची कार्यपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे. त्यात एकाच फितीवर चार समांतर पट्ट्या असतात. एका पट्टीवर गिटार वाजवावी, ती ऐकत दुसरीवर ढोल, तिसरीवर बासरी; मग या तिन्ही चौथीवर एकत्र उतरवून पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या कराव्यात. अशा प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढत जाते व बारीक स्वर बुजतात. म्हणजे किती थर चढवावयाचे, याचा निर्णय एकाच वेळी सांगीतिक आणि तांत्रिक असतो. घरगुती मुद्रणातील जो कच्चेपणा उणीव म्हणून दाखविला जातो, तो वस्तुतः अशा निर्णयांचा मागोवा असतो.

तबकडीच्या काळात हे शक्यच नव्हते. तबकडी छापावयास कारखाना लागे आणि ग्रामोफोन कंपनीच्या दमदम येथील कारखान्याची सद्दी दीर्घकाळ टिकून होती. कॅसेटची प्रत काढण्यास मात्र दोन यंत्रे पुरेशी होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय बाजारात कॅसेटचे वर्चस्व प्रस्थापित झाले. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात या स्थित्यंतराची चिकित्सा केली आहे. तथापि त्यांचा भर उत्तर भारतावर आहे. एकट्या व्यक्तीने घरातून चालविलेल्या उद्योगाकडे आपल्याकडील अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले.

येथे इंग्लंडचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या वाद्यवृंदाने १९७७ च्या आरंभी उसनवारीच्या पैशांतून आपली पहिली ध्वनिमुद्रिका स्वतःच प्रकाशित केली आणि त्यानंतरच्या पोस्ट-पंक पिढीने हाच मार्ग धरला. त्या चळवळीतील उपेक्षित पहिल्या अल्बमांवर आजही निष्ठेने लिहिले जाते. शिवोली आणि मँचेस्टर यांत प्रभावाचे नाते जोडण्याचा मोह टाळावा. रेमो यांचे संगीत पोस्ट-पंक नव्हे आणि तेथे वाद्यवृंदही नव्हता. साम्य आहे ते कंपनीवाचून चालविण्याच्या पद्धतीत.

मग उपेक्षा का झाली? एक कारण पुढील कीर्ती. ‘जलवा’ (१९८७), ‘बॉम्बे’ (१९९५) हे चित्रपट आणि २००७ चा पद्मश्री सन्मान यांच्या झगमगाटात पहिली कॅसेट मागे पडली. दुसरे कारण भाषिक असावे. १९८५-८६ मध्ये गोव्यात राजभाषेचा वाद शिगेला पोहोचला होता. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. मराठी की कोकणी, या प्रश्नाने सांस्कृतिक चर्चा व्यापलेली असताना प्राधान्याने इंग्रजीत गाणाऱ्या गोमंतकीयाला दोन्ही पक्षांच्या इतिहासात जागा कोठून मिळणार?

या कॅसेटचा प्रवास मात्र गोव्याच्या सीमेवर थांबला नाही. पिंपरी-चिंचवडला १९८२ साली महानगरपालिका झाली, त्या सुमारास कारखान्यांत शिकाऊ म्हणून दूरदूरची मुले येत होती. प्रस्तुत लेखक चिंचवडच्या एका खोलीत अशाच तिघांसमवेत राहत असे. त्यांतील एक म्हापशाचा. गणपतीच्या सुटीनंतर परतताना बसच्या प्रवासात बनियनमध्ये गुंडाळून त्याने ही कॅसेट आणली. ती त्याने कोणास दिली नाही; प्रत काढू दिली, एवढेच. दोन डेकचे यंत्र आमच्याजवळ नसल्याने दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, खिडक्या लावल्या आणि पाऊण तास कोणी बोलावयाचे नाही, असे ठरले. खोकला आलेल्याने बाहेर जावयाचे.

ती प्रत लेखकाजवळ आजही आहे. चुंबकीय फितीचा लेप झडू लागला असून वरचे स्वर गेले आहेत. ती वाजविणे म्हणजे ती आणखी झिजविणे. संशोधक या नात्याने मूळ कॅसेट अधिक विश्वसनीय साधन ठरते, हे मान्यच आहे. परंतु या प्रतीत जे आहे ते मूळ कॅसेटमध्ये नाही. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर, गिटार किंचित थांबते त्या जागी, बंद खिडकीतून आलेला दुसऱ्या पाळीचा भोंगा नीट ऐकू येतो आणि त्यापाठोपाठ रस्त्यावरून एकामागून एक जाणाऱ्या सायकलींच्या घंटा.