वस्तरा
वस्तरा हे दाढी करण्यासाठी व डोक्यावरील केस काढण्यासाठी वापरले जाणारे, उघड्या धारेचे पोलादी उपकरण आहे. हिंदी व उर्दू भाषांत त्यास उस्तरा म्हणतात; हा शब्द मूळचा फारसी आहे. संस्कृतमध्ये वस्तऱ्यास क्षुर अशी संज्ञा असून मराठीतील क्षौर हा शब्द तिच्यापासून आला आहे.

रचना व धार
पाते आणि मूठ हे वस्तऱ्याचे मुख्य भाग होत. मिटत्या वस्तऱ्यात मूठ दुभागलेली असते व पाते तिच्या आत बसते. पात्याची पाठ जाड असते. धार लावताना पाठ व धार एकाच वेळी दगडावर टेकवून घासतात. त्यामुळे धारेचा कोन कायम राहतो. दगडाची गरज अधूनमधून लागते, मात्र चामड्याच्या पट्ट्यावर पाते प्रत्येक वापरापूर्वी फिरवावे लागते. कार्बनयुक्त पोलाद लवकर गंजत असल्याने पाते कोरडे करून ठेवतात.

महाराष्ट्रातील वापर
गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक असून त्याला कामाचा मोबदला प्रामुख्याने धान्यरूपाने मिळत असे. वस्तरा, कात्री, आरसा, चिमटा ही साधने तो धोपटीत बाळगी. वारकरी संप्रदायातील संत सेना महाराजांच्या अभंगांत या व्यवसायातील साधने रूपकांच्या स्वरूपात येतात.

वस्तऱ्याचा संबंध उच्चवर्णीय विधवांच्या सक्तीच्या केशवपनाशीही होता. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा घेऊन हे काम न करण्याचा निर्णय घेतला. सत्यशोधक चळवळीतील कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. ज्यांची उपजीविका वस्तऱ्यावर अवलंबून होती, त्यांनीच मिळकतीवर पाणी सोडून अन्याय्य प्रथेस नकार दिला, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय.

जपानी वस्तरा
जपानमधील पारंपरिक वस्तऱ्यास कामीसोरी म्हणतात. बौद्ध भिक्षूंच्या मुंडनासाठी त्याचा वापर होत असे. तो मिटत नाही. पाते व दांडा सलग असतात. पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसल्याने त्याला धार लावण्याची व तो धरण्याची पद्धत वेगळी आहे. मऊ लोखंडाला कठीण पोलादाची धार जोडून तो घडवला जातो. नीगाता प्रांतातील सान्जो हे शहर लोहारकामासाठी प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात जपानमध्ये पाश्चात्त्य धर्तीचे मिटते वस्तरेही तयार झाले. त्यांपैकी अनेकांसाठी स्वीडनचे पोलाद वापरले गेले.

निवड
हाताने घडवलेले नवे कामीसोरी महाग असतात. तुलनेने कमी खर्चात चांगले पोलाद मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे जुना मिटता वस्तरा घेणे. तो घेताना धारेला खाचा किंवा तडा नाही, धारेलगत गंजाचे खड्डे नाहीत, पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजली आहे आणि पाते मुठीत मधोमध बसते, हे पाहावे लागते. पाठीवरील किरकोळ डाग घासून काढता येतात. धारेलगतचा खोल गंज मात्र पाते निकामी करतो. दगड व पट्टा यांचा खर्चही किमतीत धरावा लागतो, कारण त्यांच्याविना उत्तम वस्तराही फार काळ उपयोगी पडत नाही.

आरोग्य
एकाच पात्याने अनेकांची दाढी केल्यास रक्तावाटे हिपॅटायटिस बी व सी यांसारख्या रोगांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून केशकर्तनालयांत पाते बदलता येणारा वस्तरा रूढ झाला आहे. भारतात त्यासाठी बहुधा दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा वापरतात. जपानच्या फेदर कंपनीने अशा वस्तऱ्यांसाठी स्वतंत्र पाती तयार केली आहेत. या प्रकारास दगड किंवा पट्टा लागत नाही; मात्र प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते वापरणे आणि धारकाचे निर्जंतुकीकरण करणे आवश्यक असते.