पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेट) कर्करोग : उपचारांची निवड

पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा हा कर्करोग बहुधा उतारवयात उद्भवतो. दिल्ली, कोलकाता यांच्याप्रमाणे पुण्याच्या कर्करोग नोंदणीतही तो पुरुषांतील कर्करोगांत दुसऱ्या क्रमांकावर आढळला आहे. रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असेल, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि सक्रिय देखरेख असे तीन प्रमुख मार्ग असतात. यांतील निवड केवळ आयुर्मानावर ठरत नाही. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांची या तीन गटांत यादृच्छिक विभागणी झाली. सुमारे १५ वर्षांनंतर (२०२३) तिन्ही गटांत या रोगाने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपासच होते. फरक पडला तो दुष्परिणामांत : शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता अधिक घटली, तर किरणोपचारांनंतर शौचाच्या तक्रारी वाढल्या.

देखरेख म्हणजे दुर्लक्ष, हा आक्षेप पूर्णतः निराधार नाही; त्या गटात रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के, म्हणजे इतर गटांच्या जवळपास दुप्पट होते. शिवाय, चाचणीतील रोग पीएसए या रक्ततपासणीमुळे लवकर सापडलेला होता. भारतात अनेकांचे निदान उशिरा होत असल्याने या चाचणीचे निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाहीत. तीव्र किंवा पसरलेल्या रोगात उपचार लांबवणे घातक ठरते. मात्र सौम्य रोगात, नियमित तपासणी शक्य असल्यास, दुष्परिणामांचा विचार करून सावकाश निर्णय घेणे शास्त्रसंमत ठरते.