आकाशाची कीर्द

लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे अमावास्या. घरोघर पणत्या लागतात आणि पेढीवर नव्या वहीची पूजा होते. जळगाव जामोदला आमच्या लहानपणी ही पूजा आटोपली की वडील पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढीत आणि दरवर्षी एकच वाक्य म्हणत, “कीर्द रोजची रोज लिहावी. उद्यावर टाकलेली नोंद खोटी पडते.” आमचे लक्ष त्या वाक्याकडे नसे, ते बत्ताशांकडे असे. प्रसाद हाती पडला की आम्ही पोरे घराच्या धाब्यावर पळत असू. खाली गाव उजळलेले असे आणि उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ. त्या रेघेच्या वर शर्मिष्ठेच्या पाच चांदण्या लखलखत असत. आकाशाचीही अशीच रोजची कीर्द कोणी लिहीत असेल, हे मात्र तेव्हा ध्यानीमनी नव्हते.

अशी कीर्द आहे. तारे अढळ आणि त्यांचे तेज कायमचे, अशी आपली समजूत असते. पण पुष्कळ तारे तेजाने कमीजास्त होत असतात. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. दिवाळीच्या सुमारास शर्मिष्ठेच्या खाली, ईशान्येकडे ययाती वर येत असतो. त्यातला अल्गोल हा दुसऱ्या प्रतीचा तारा दर दोन दिवस एकवीस तासांनी मंदावतो आणि काही तासांत पूर्ववत होतो. इंग्लंडातील यॉर्क गावी जॉन गुडरिक नावाचा एक तरुण राहत असे. त्याला ऐकू येत नव्हते. त्याने १७८२ च्या हिवाळ्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, खिडकीशी बसून या ताऱ्याचे वेळापत्रक बसवले आणि एखादा काळोखा सोबती त्याच्या आड येत असावा, असा तर्क मांडला. त्याबद्दल रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले. एकविसाव्या वर्षी तो वारला. त्याचा तर्क पुढे खरा ठरला.

याहून नाट्यमय प्रकार नवताऱ्यांचा. एक विझत चाललेला, लहान पण अतिशय घन असा श्वेत तारा आणि त्याचा एक सोबती एकमेकांभोवती फिरत असतात. सोबत्याचा वायू त्या घन ताऱ्यावर साचत जातो. साठा पुरेसा झाला की तो एकदम पेट घेतो आणि कालपर्यंत न दिसणारा तारा आज डोळ्यांत भरतो. हा भडका केव्हा उडेल हे बहुधा आधी सांगता येत नाही. मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणी आकाशाच्या एकेका तुकड्यावर रोखलेल्या असत. साऱ्या आकाशावर रोज नजर ठेवणार कोण? ते काम हौशी माणसांकडे आले. पद्धत अगदी साधी. संशयित ताऱ्याच्या शेजारचे दोन स्थिर तारे घ्यावयाचे, एक त्याच्याहून तेजस्वी आणि एक मंद. आपला तारा त्या दोहोंच्या मध्ये कोठे बसतो ते ठरवावयाचे, आणि तारीख, वेळ, प्रत लिहून ठेवावयाची. सोनार कसोटीवर सोने पारखतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे ज्योतिषाची परंपरा एवढी जुनी असता ही कीर्द का लिहिली गेली नाही? मला वाटते, याचे एक कारण पंचांगात आहे. पंचांगाला ग्रह कोठे आहे हे हवे असते. तारा किती तेजस्वी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आमच्या तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटाची मांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला आसपासचा शेतकरी लोटतो. वर्षातून एकदा भविष्य ऐकण्याची आपल्याला हौस आहे. रोज रात्री वर्तमान लिहून ठेवण्याची सवय मात्र नाही.

तरी या देशात ती कीर्द सुरू झाली होती. मद्रासच्या सरकारी वेधशाळेत १८६१ साली नॉर्मन पॉग्सन आला. ताऱ्यांच्या प्रतींची जी मोजपट्टी आज जगभर वापरतात, ती त्यानेच १८५६ साली सुचवलेली. १८६३ च्या मे महिन्यात त्याला वृश्चिक राशीत एक अनोळखी तारा दिसला. काही दिवसांत तो मावळत दिसेनासा झाला. पॉग्सनने नोंद केली; ती तशीच पडून राहिली. पुढे हार्वर्ड वेधशाळेच्या जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासताना १९०६ आणि १९३६ सालचे भडके त्याच जागी सापडले. तारा एकदाच पेटला नव्हता, तो पुनःपुन्हा पेटणारा होता. २०२२ सालीही तो पेटला. मद्रासच्या त्या एकाकी नोंदीला अर्थ आला, तो लिहिणारा गेल्यावर कित्येक वर्षांनी. त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे सहायक होते. त्यांनी १८६७ साली दक्षिण आकाशात एक नवा रूपविकारी तारा शोधला.

पण ही झाली पगारी माणसे. ज्यांची गोष्ट मला विशेष सांगावयाची आहे, ते राधागोविंद चंद्र बंगालमधील जेसोरचे. १८७८ चा जन्म. प्रवेश परीक्षेत ते तीनदा नापास झाले. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखणाऱ्या पोद्दाराची नोकरी त्यांनी धरली. पोद्दार म्हणजे आपला पोतदार! दिवसभर रुपये पारखणारा हा गृहस्थ रात्री तारे पारखू लागला. १९१० साली हॅलेचा धूमकेतू पाहिला आणि आकाशाचे वेड लागले. दोन वर्षांनी विलायतेहून तीन इंची दुर्बीण मागवली. १९१८ च्या जून महिन्यात गरुड नक्षत्रात एक अनोळखी तारा त्यांच्या दृष्टीस पडला. तीनशे वर्षांत इतका तेजस्वी नवतारा दिसला नव्हता. त्याने अभिजितालाही मागे टाकले. यांनी नोंद ठेवली आणि ती अमेरिकेत हार्वर्डला पाठवली. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक संघटना तेथे १९११ साली निघाली होती. तिने या खजिन्यातल्या कारकुनाला सभासद करून घेतले. त्यांच्या नोंदी इतक्या चोख ठरल्या की १९२६ साली त्या मंडळींनी सव्वासहा इंची दुर्बीण समुद्रापारहून जेसोरला धाडली.

फाळणी झाली, जेसोर पाकिस्तानात गेले, म्हातारपणी घर सोडून त्यांना पश्चिम बंगालमध्ये यावे लागले. तरी कीर्द थांबली नाही. १९५४ पर्यंत त्यांच्या नोंदी सदतीस हजारांवर गेल्या. मग त्यांनी ती दुर्बीण परत देऊ केली. ती गेली वेणू बाप्पू यांच्याकडे. बाप्पू तेव्हा नैनितालला होते. हैदराबादेत विद्यार्थी असताना त्यांनीही रूपविकारी तारेच पाहिले होते. पुढे भारतातल्या आधुनिक वेधशाळांचे ते शिल्पकार ठरले. चंद्र १९७५ साली वारले. परीक्षेत तीनदा नापास झालेल्या माणसाच्या नोंदी आजही अमेरिकेतल्या त्या संग्रहात आहेत.

महाराष्ट्रात हौशी लोकांची संस्था १९४४ साली पुण्यात निघाली, ती ज्योतिर्विद्या परिसंस्था. तिच्या जन्माच्या दोनच वर्षे आधीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९४२ च्या ८ नोव्हेंबरला अर्जेंटिनातील बर्नार्ड डॉसन यांना दक्षिण आकाशात, अगस्त्याच्या ईशान्येला, एक नवतारा दिसला. दोन-तीन दिवसांत तो पहिल्या प्रतीहून तेजस्वी झाला. त्या वर्षीची दिवाळीची अमावास्या नेमकी त्याच दिवशी होती. आमच्या गावातून पाहिले, तर तो पहाटे पाचच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून चांगला वर आला असणार. आकाशात चंद्र नाही, गावात विजेचे दिवे नाहीत, आणि पाडव्याच्या अभ्यंगस्नानासाठी घरोघर माणसे जागी! बंबाशी बसलेल्या कोणी सहज दक्षिणेकडे मान वळवली असती, तर जगाच्या कीर्दीत त्या ताऱ्यापुढे आमच्या गावाचे नाव लागले असते.

आजोबांची त्या सालची वही आमच्या माळ्यावर आहे. पाडव्याचे पान मी उघडून पाहिले. मुहूर्ताचा सौदा, सरकीची पोती, तेलाचे डबे, हमाली. पैन्पै मांडलेली आहे. आजोबांना मी दोष देत नाही. त्यांना आकाश कोणी दाखवलेच नव्हते. दाखवले असते, तर त्यांनी हमालीच्या खाली एक ओळ नक्की लिहिली असती, आणि ती खोटी पडली नसती.

आता गावात दिव्यांचा झगमगाट वाढला आहे. तरीही शेतावर गेले की काळोख मिळतो. २०१९ च्या अखेरीस मृगातला तांबडा काक्षी अनपेक्षितपणे मंदावला, तेव्हा तो फरक नुसत्या डोळ्यांना कळत होता, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो रोजच्या रोज लिहून ठेवला. यंदा पूजा झाल्यावर मुलांना घेऊन गच्चीवर जा. ययातीतला अल्गोल त्यांना दाखवा, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहा आणि एका कोऱ्या वहीत तारीख-वेळ घाला. दुसऱ्या रात्री पुन्हा जा. वही कसली का असेना, पहिल्या पानावर स्वस्तिक तेवढे काढायला विसरू नका.