‘जवळजवळ अविद्राव्य’: एका दगडाचा इतिहास आणि आपलं पाणी

इथे गोसीखुर्दला वैनगंगेचं एवढं पाणी अडवलेलं असताना हा माणूस दगडाबद्दल बोलतोय, याचं तुम्हाला नवल वाटेल. त्यात मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. पण या दगडाच्या वर्णनात एक शब्द येतो, तो मला गप्प बसू देत नाही.

दगडाचं नाव फ्लोरस्पार, म्हणजे कॅल्शियम फ्लोराईड. कॅल्शियमचा एक अणू, फ्लोरिनचे दोन. शुद्ध असला तर रंगहीन. निसर्गात जांभळा, हिरवा, पिवळाही सापडतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला त्याचे साठे आहेत. 1530 साली अ‍ॅग्रिकोला या जर्मन विद्वानाने लिहून ठेवलं, की भट्टीत हे दगड टाकले की धातूची माती लवकर वितळून वाहू लागते. लॅटिनमध्ये ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणं. नाव तिथून आलं, आणि पोलादाच्या भट्टीत तो आजही त्याच कामाला लागतो.

1771 मध्ये स्वीडनच्या शेले यांनी हा दगड गंधकाम्लाबरोबर तापवला. त्यातून निघालेल्या आम्लाने काचेचं भांडंच खाल्लं! हेच ते हायड्रोफ्लोरिक आम्ल. त्याच्यापासून पुढे फ्रिजमधले वायू आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांना लागणारी फ्लोराईडं बनली. मात्र त्यातलं मूलद्रव्य, फ्लोरिन, सुटं करायला शंभरावर वर्षं गेली. त्या खटपटीत काहींचे प्राणही गेले. शेवटी 1886 मध्ये पॅरिसला मोआसाँ यांना ते साधलं आणि 1906 चं नोबेल मिळालं.

आता तो शब्द. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम फ्लोराईडचं द्रावण ओता, पांढरा साका खाली बसतो. तो साका म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेलं कॅल्शियम फ्लोराईड. पुस्तक म्हणतं, ‘पाण्यात जवळजवळ अविद्राव्य’. आपण ‘जवळजवळ’ गाळून वाचतो. हिशोब करून बघा. एक लिटर शुद्ध पाण्यात ते सुमारे 16 मिलिग्रॅम विरघळतं, त्यात फ्लोराईड जवळपास 8 मिलिग्रॅम. आणि पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक? 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5. म्हणजे भट्टीवाल्याच्या दृष्टीने जे ‘नाही’, ते पिणाऱ्याच्या दृष्टीने पाचपट जास्त आहे!

जमिनीखाली अर्थातच सगळं इतकं सरळ नसतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर दगड कमी विरघळतो. कॅल्शियम कमी आणि सोड्याचे क्षार जास्त असले तर फ्लोराईड वाढतं. अभ्रक, अ‍ॅपेटाईट यांतूनही ते येतं. खोल खडकात पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, त्याला घाई नसते.

आपल्याकडे पूर्वी मामा तलाव होते, बोड्या होत्या, उघड्या विहिरी होत्या. त्या पाण्यातून कॉलरा यायचा, नारू यायचा. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर झाल्या, हातपंप बसले. पाणी स्वच्छ दिसलं, जंतूंचा त्रास कमी झाला. त्यामुळे बोअर खोदणाऱ्यांना दोष देऊ नका. पण फ्लोराईडला ना रंग, ना वास. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत ते मुलांच्या दातांवरच्या पिवळ्या-तपकिरी डागांतून कळलं. तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की सांधे आणि पाठीचा कणाही ताठरतो. 1937 मध्येच मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून या रोगाची नोंद छापून आली होती.

यावर उपाय शोधला आपल्याच नागपूरच्या नीरी संस्थेने, 1970 च्या दशकात. नाव नलगोंडा पद्धत. नुसत्या चुन्याने भागत नाही, कारण साका बसला तरी तोच 8 चा आकडा आडवा येतो. म्हणून सोबत तुरटी. मात्र रोज तुरटी मोजून घालायला आणि उरलेला गाळ नीट टाकायला गावात माणूस लागतो.

मग धरणाचंच पाणी प्या, असं म्हणाल. नदीच्या पाण्यात फ्लोराईड सहसा कमी असतं, खरं आहे. पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथेच येतं, हे तुम्हाला मी काय सांगावं!

म्हणून एवढंच म्हणतो. कुणी ‘पाणी चांगलं आहे’ म्हणालं, की विचारा: कशाची तपासणी केली, आकडा किती, आणि कधीचा? ‘जवळजवळ’ या शब्दावर समाधान मानू नका.