पावसाचें माप आणि शेताचा वाफसा

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडून गेला म्हणजे शेतकरी केवळ आभाळाकडे पाहत बसत नाहीं. तो शेतांत जातो, मातीची एक मूठ उचलतो, ती दाबून तिचा गोळा होतो कीं ती मोकळी राहते हें पाहतो, आणि मग वाफसा आला आहे कीं नाहीं तें ठरवितो. तिफण केव्हां धरावयाची, कोळपें केव्हां घालावयाचें, ह्याचा निर्णय ह्या एका शब्दावर अवलंबून असतो. पाऊस किती पडला हा एक प्रश्न. त्या पावसांतून मुळांच्या वांट्यास किती ओल आली हा दुसरा प्रश्न. पहिल्याचें उत्तर मनुष्य सुमारें दोन हजार वर्षांपासून मापानें देत आला आहे. दुसऱ्याचें उत्तर यंत्रानें देतां येऊं लागलें तें विसाव्या शतकांत. एवढें अंतर कां पडलें, ह्याचा विचार करूं लागलें म्हणजे पाऊस मोजणारा कोण होता आणि तो कोणासाठीं मोजीत होता, हें पाहणें प्राप्त होतें.

आपल्या देशांतील पर्जन्यमापनाचा स्पष्ट उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतो. ह्या ग्रंथाची पोथी म्हैसूर येथें आर. शामशास्त्री ह्यांच्या हातीं आली आणि १९०९ सालीं त्यांनीं मूळ संहिता प्रसिद्ध केली. तोंपर्यंत हा ग्रंथ जगाच्या दृष्टीनें जवळजवळ लुप्तच होता. कोठारांत एक अरत्नि, म्हणजे सुमारें दीड फूट, रुंद तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावें, अशी त्यांत आज्ञा आहे. जांगल प्रदेशांत १६ द्रोण, अनूप म्हणजे पाणथळ प्रदेशांत त्याच्या दीडपट, गोदातीरच्या अश्मक देशांत साडेतेरा द्रोण, अवंतींत २३, अशीं पावसाचीं प्रमाणें तेथें दिलीं आहेत. आणि अपरान्तांतील, म्हणजे कोंकणांतील, पाऊस मात्र अमित म्हटला आहे. पावसाचें मान पाहून कमी पाण्याचें बीं पेरावें कीं अधिक पाण्याचें, तें ठरवावें, हाही उपदेश ग्रंथकार करतो. परंतु त्या कुंडाची जागा ध्यानांत घेण्यासारखी आहे. कुंड कोठारांत होतें. मोजणारा राजाचा, पेरणी करविणारा सीताध्यक्षही राजाचाच. सामान्य कुणब्यास तो आंकडा कोणी सांगत असे, असा उल्लेख तेथें नाहीं.

कोरिया देशाची कथा ह्याहून अधिक उद्बोधक आहे. तेथें सेजोंग राजाच्या कारकीर्दींत अवर्षणाची चिंता वाहणारा युवराज पाऊस पडून गेला कीं जमीन खणून ओल किती खोल गेली तें पाहत असे. म्हणजे त्याचा प्रयत्न आपल्या शेतकऱ्याच्या मुठीसारखाच होता. परंतु कोरडी जमीन पाणी अधिक पिते, भिजलेली कमी पिते. त्यामुळें पाऊस नेमका किती झाला, हें खणून कळेना. तेव्हां त्यानें धातूचें भांडें करवून त्यांत पावसाचें पाणी धरण्यास आरंभ केला. १४४१ सालीं ही पद्धति सुरू झाली. १४४२ सालीं भांड्याचें माप ठरवून तशीं भांडीं प्रांतोप्रांतीं पाठविण्यांत आलीं. शास्त्र येथें एक पाऊल पुढें गेलें यांत शंका नाहीं, कारण एकाच मापाचें भांडें सर्वत्र असल्यावांचून दोन गांवांच्या पावसाची तुलनाच होऊं शकत नाहीं. परंतु त्याबरोबर मापाचें लक्ष मातीवरून भांड्याकडे वळलें, तें पुढें चार-पांच शतकें तेथेंच राहिलें.

युरोपांत १६३९ सालीं गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली ह्यानें पेरुजा येथें कांचेच्या भांड्यांत पाऊस मोजून त्याचा वृत्तांत गुरूस कळविला. १६६२ च्या सुमारास क्रिस्टोफर रेन ह्या इंग्रज विद्वानानें एक चतुर युक्ति योजिली. पावसाचें पाणी एका लहानशा पात्रांत पडावें, तें भरतांच आपोआप कलंडून रिकामें व्हावें, आणि प्रत्येक कलंडण्याची खूण उमटावी, अशी ही रचना होती. मनुष्य जवळ नसतांना यंत्रानें स्वतः मोजावें व स्वतः नोंदावें, ह्या कल्पनेचा उगम अशा यंत्रांत आहे. आजच्या पुष्कळशा स्वयंचलित हवामान-केंद्रांत तेंच कलंडतें पात्र काम करीत आहे; फरक इतकाच, कीं खूण आतां कागदावर न उमटतां विजेच्या ठोक्यानें दूरवर पोंचते.

हिंदुस्थानांत ह्या विद्येस संघटित रूप आलें तें आपत्तींच्या धक्क्यानें. १८६४ सालीं कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झालें. १८६६ व १८७१ सालीं पावसानें दगा दिला. आणि १८७५ सालीं सरकारनें हवामानखातें स्थापून त्यावर हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांस नेमिलें. लागलीच १८७६ ते १८७८ चा घोर दुष्काळ दक्षिणेवर कोसळला. तालुक्याच्या कचेरीच्या आवारांतील पर्जन्यमापकाचा आंकडा रोज टिपला जाई, वर पाठविला जाई, छापलाही जाई. तो आंकडा अमोल होता. परंतु त्याचा प्रवास खालून वर असा एकाच दिशेनें होत असे. कोठाराच्या जागीं कचेरी आली होती, एवढेंच.

ही दिशा पालटण्याच्या कामीं पुण्याचा वांटा मोठा आहे. १९२८ सालीं हवामानखात्याचें मुख्य ठाणें शिमल्याहून पुण्यास आलें. त्या इमारतीस पुणेकर अद्यापि 'शिमला ऑफिस' म्हणतात. मुख्य ठाणें पुढें दिल्लीस गेलें, तरी शेतीसंबंधींचें काम पुण्यास रुजलें. १९३२ सालीं तेथें कृषि-हवामानशास्त्राची शाखा निघाली व तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास झाले. त्यांनीं व आत्मनाथन ह्यांनीं त्याच वर्षीं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. निरभ्र व निवांत रात्रीं सर्वांत अधिक थंडी उघड्या जमिनीस लागून नसते, तर जमिनीपासून थोडी वर असते. पुष्कळांस हें प्रथम खरेंच वाटेना. परंतु ह्या शोधाचा अर्थ शेतीच्या दृष्टीनें स्पष्ट होता. वेधशाळेच्या पिंजऱ्यांत चार फुटांवर टांगलेला तापमापक जें सांगतो, तेंच पिकाच्या पानास सोसावें लागतें असें नाहीं. पिकाची हवा मोजावयाची तर यंत्र पिकांत नेलें पाहिजे. आणि मोजलेलें शेतकऱ्यास सांगितलेंही पाहिजे. तो आरंभ १९४५ सालीं झाला. त्या वर्षापासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठीं हवामानाचें निवेदन सुरू झालें. कौटिल्याच्या कुंडानंतर इतक्या शतकांनीं आंकडा वरून खालीं येऊं लागला.

इकडे अमेरिकेंत मातीच्या ओलीचा मूळ प्रश्न पुन्हा हातीं घेण्यांत आला होता. सच्छिद्र भाजक्या मातीची कुपी पाण्यानें भरून मुळांच्या खोलीवर पुरावयाची व वर दाबमापक जोडावयाचा, अशा यंत्रास रिचर्ड्स व गार्डनर ह्यांनीं १९३६ सालीं टेन्सिओमीटर हें नांव दिलें. भोंवतालची माती कोरडी होऊं लागली कीं ती कुपींतून पाणी ओढते आणि वरचा कांटा ती ओढ दाखवितो. म्हणजे पाणी मिळविण्यास मुळांना किती कष्ट पडतात, तेंच हें यंत्र सांगतें. १९४० सालीं बॉयूकोस व मिक ह्यांनीं जिप्समच्या ठोकळ्यांत दोन तारा बसवून ओलीप्रमाणें विजेचा विरोध कसा बदलतो तें मोजलें. १९८० सालीं कॅनडांत टॉप, डेव्हिस व अ‍ॅनन ह्यांनीं विद्युत्-स्पंद मातींतून पाठवून ओल काढण्याची रीत दिली. पाण्याचा विद्युत्-गुणांक सुमारें ८० आणि कोरड्या मातीचा ३ ते ५. ह्या प्रचंड फरकामुळें थोडी ओल वाढली तरी ती लपून राहत नाहीं. आज ज्यांस सेन्सर किंवा संवेदक म्हणतात, त्यांपैकीं ओल मोजणारे पुष्कळ स्वस्त संवेदक ह्याच गुणधर्मावर चालतात. ओल आतां अवकाशांतूनही मोजली जाते. २००९ सालीं युरोपचा 'स्मॉस' व २०१५ सालीं अमेरिकेचा 'स्मॅप' हे उपग्रह त्यासाठींच सोडण्यांत आले. मात्र त्यांची दृष्टि जमिनीच्या वरच्या सुमारें पांच सेंटिमीटर थरापुरती, आणि एका आंकड्यांत कित्येक गांवांची शिवारें एकत्र येतात. एकट्या शेताचा वाफसा तेथून दिसत नाहीं.

महाराष्ट्रांत ह्या साधनांचा उपयोग आतां नवा राहिला नाहीं. द्राक्षाच्या बागेंत पान किती वेळ ओलें राहिलें हें मोजणारा संवेदक केवडा रोगाची पूर्वसूचना देऊं शकतो, आणि त्यायोगें अनावश्यक फवारणी वांचते. 'महावेध' योजनेखालीं महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रें उभारण्यांत आलीं. हवामानावर आधारलेल्या पीकविम्याची भरपाई तर केंद्रावरील आंकड्यावरच ठरते. म्हणूनच येथें जुना प्रश्न नव्या रूपानें समोर येतो. वळवाचा पाऊस एका शिवारांत कोसळतो व शेजारचें शिवार कोरडें ठेवतो, हें खेड्यांतील मुलासही ठाऊक असतें. केंद्र जर मैल-दोन मैल दूर असेल, किंवा झाडाच्या आडोशास बसविलें असेल, तर यंत्र खोटें न बोलतांही शेतकऱ्याचा न्याय चुकूं शकतो. काळ्या जमिनींत आणखी एक अडचण येते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, मातीची व संवेदकाची सांगड सुटते, आणि आंकडा भलताच येतो. त्या मातीसाठीं यंत्र पारखून घेतल्यावांचून त्यावर विसंबणें म्हणजे वजनें न तपासतां तराजू वापरण्यासारखें आहे.

कोठारांतील कुंडापासून शेतांतील संवेदकापर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्राची सूक्ष्मता वाढत गेली, हा ह्या इतिहासाचा अर्धाच भाग होय. मापाची जागा शेताच्या किती जवळ आली आणि मोजलेला आंकडा शेतकऱ्याच्या हातीं त्याच्या भाषेंत, वेळेवर पोंचला कीं नाहीं, हा दुसरा अर्धा भाग. आणि तो अद्यापि पुरा व्हावयाचा आहे. ज्याच्या शेतांतून आंकडा निघाला, त्यास तो प्रथम कळावा, त्याची पारख करण्याचा अधिकार त्यास असावा, आणि चुकीच्या आंकड्याविरुद्ध त्यास दाद मागतां यावी, एवढें झालें तरच संवेदक शेतकऱ्याचा होईल. नाहीं तर तें कोठारांतलेंच कुंड, फक्त विजेवर चालणारें. मातीची मूठ दाबून वाफसा ओळखणारा शेतकरी यंत्रामुळें अडाणी ठरत नाहीं. त्याच्या मुठीस जें पूर्वींपासून कळत होतें, तें मोजण्यास शास्त्राला दोन हजार वर्षें लागलीं, ही गोष्ट उभयतांनींही विसरूं नये.